‘ओरिजिनल पैठणी’ लिहू नका! माल ओळखा, वर्गात बसवा, मग वर्णन लिहा



साडी रीसेलिंगच्या व्हिडिओत उत्पादनाच्या वर्णनाचा विषय दोन मिनिटांत उरकावा लागला. खरं तर तो त्या धंद्याचा कणा आहे, म्हणून इथे सविस्तर लिहितो. उदाहरण पैठणीचं घेतोय, कारण घरातून धंदा सुरू करणाऱ्या आपल्याकडच्या अनेक जणी पैठणीपासूनच सुरुवात करतात, आणि वर्णनाची सगळ्यात जास्त गडबडही तिथेच होते.

कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर जा. ‘ओरिजिनल येवला पैठणी, प्युअर सिल्क, बेस्ट क्वालिटी, फक्त १,९९९’. आता मला सांगा, यातून गिऱ्हाइकाला काय कळलं? धागा कसला, जर कसली, माग कुठला, पदर कसा विणला, या चार वेगवेगळ्या प्रश्नांना मिळून ‘ओरिजिनल’ हा एकच शब्द फेकलाय. म्हणजे एकाचंही उत्तर दिलेलं नाही. आणि ज्या दिवशी गिऱ्हाईक साडी उलटी करून बघेल, त्या दिवशी फोन तुम्हालाच येणार, होलसेलवाल्याला नाही.

आधी बनते कशी, ते बघा

वर्गीकरण पुस्तकातून करायचं नसतं, वस्तू कशी बनते त्यावरून ते आपोआप होतं. पैठणीची खरी ओळख तिच्या पदरात आहे. पारंपरिक पद्धतीत पदरावरचा मोर विणताना विणकर प्रत्येक रंगाचा रेशीमधागा छोट्या छोट्या तिल्ल्यांवर गुंडाळून घेतो. हिरवा धागा फक्त हिरव्या जागेपुरता जातो, तिथे शेजारच्या धाग्यात अडकतो आणि परत फिरतो. मग लाल, मग जर. असं एकेका ओळीत कितीतरी वेळा. त्यामुळे पदर बोटाबोटाने पुढे सरकतो. साधी पैठणी काही आठवड्यांत होते, भरगच्च पदराची असेल तर महिने लागतात, कधी वर्षाच्या वर जातं. किंमत कुठून येते, ते इथे कळतं.

या रीतीचा परिणाम असा, की धागा मागच्या बाजूने लोंबकळत जातच नाही. पदर उलटा केला तरी मोर तसाच दिसतो, फक्त कुठे कुठे गाठींची बारीक टोकं असतात.

जॅकार्डवर गणित वेगळं. तिथे नक्षीचा जादा धागा साडीच्या आडव्या पन्हाभर फिरतो. जिथे नक्षी आहे तिथे वर येतो, जिथे नाही तिथे मागून मोकळा जातो. म्हणून मागे धाग्यांचं जाळं दिसतं, किंवा ते कापून टाकलेलं असेल तर कापलेली टोकं हाताला लागतात.

आता एक बारकावा, जो बहुतेक जण सोडून देतात. मागे मोकळे धागे दिसले म्हणजे साडी यंत्रमागाचीच, असं नाही! हातमागावरही जॅकार्ड बसवतात. ‘ब्रोकेड पैठणी’ म्हणून जी विकली जाते तिचे काठ आणि बुट्ट्या बऱ्याचदा अशाच विणलेल्या असतात आणि पदर मात्र हाताचा असतो. तेव्हा उलटी बाजू तुम्हाला विणण्याची रीत सांगते, माग कुठला ते सांगत नाही. मागाची खात्री नुसत्या डोळ्याने देऊ नका. विणकराकडून किंवा सोसायटीकडून बिलावर लिहून घ्या.

धागा आणि जर: इथे खरी फसगत होते

धाग्याची घरगुती चाचणी सोपी आहे. ब्लाउजपीसच्या कच्च्या कडेचा एक धागा काढा आणि जाळा. रेशीम असेल तर जळलेल्या केसांसारखा वास येतो आणि राख बोटांत चुरते. पॉलिएस्टर वितळतं आणि कडक मणी होतो. व्हिस्कोस कागदासारखं जळतं. पण लक्षात ठेवा, उभा धागा वेगळा जाळायचा आणि आडवा वेगळा. एक रेशमी आणि दुसरा कृत्रिम, असा माल बाजारात भरपूर आहे आणि तो ‘सिल्क’ म्हणूनच विकला जातो.

जरीचे ढोबळ तीन वर्ग धरा. असली जर म्हणजे चांदीची तार आणि त्यावर सोन्याचा मुलामा. टेस्टेड जर म्हणजे तांब्याच्या तारेवर मुलामा. तिसरी प्लास्टिक जर, म्हणजे चकाकत्या पॉलिएस्टर पट्टीची, वजनाला हलकी, आणि ज्योतीजवळ नेली की आक्रसते. टेस्टेड जर वापरणं यात काहीही गैर नाही, हातमागावरच्या कितीतरी सुंदर पैठण्या तिच्याच आहेत. गैर आहे ते ‘सोन्याची जर’ असं लिहिणं.

म्हणजे बघा, हातमाग आणि टेस्टेड जर एकत्र असू शकतात. शुद्ध रेशीम आणि यंत्रमागही एकत्र असू शकतात. म्हणूनच ‘असली की नकली’ असे दोनच कप्पे करून चालत नाही. चार रकाने करा: धागा, जर, माग, विणण्याची रीत. मग आकार आणि नक्षी. सहावारी म्हणजे साधारण साडेपाच मीटर, नऊवारी सव्वाआठच्या आसपास, ब्लाउजपीस वेगळा मोजा. नक्षीत नारळी काठ, मुनिया (म्हणजे पोपट), आसावली वेल, बांगडी मोर ही नावं तुमच्या गिऱ्हाइकाला बऱ्याचदा तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतात, तेव्हा चुकवू नका. ‘कडियल’ हा शब्दही शोभेसाठी चिकटवू नका. त्यात काठाचे उभे-आडवे धागे एकाच रंगाचे असतात आणि ते अंगाच्या धाग्यांशी जोडत विणलेले असतात, म्हणून काठ स्वच्छ, एकरंगी दिसतो. अंगात मात्र उभा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा धागा असेल, तर हलवल्यावर धूपछाव दिसते. फोटोत ही छटा नीट येत नाही. त्यामुळे रंगाच्या तक्रारी टाळायच्या असतील तर ती शब्दांत लिहाच.

लेबल काय सांगतं आणि काय सांगत नाही

सिल्क मार्क म्हणजे धागा शुद्ध रेशमाचा. बस. साडी हातमागाची आहे, असं तो म्हणत नाही. हँडलूम मार्क म्हणजे हातमागावर विणलेली. तो रेशमाबद्दल बोलत नाही, सुती साडीलाही मिळतो. आणि जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, पैठणीला २०१० साली मिळालं. ते ठरलेल्या भागाशी आणि ठरलेल्या पद्धतीशी बांधलेलं आहे. दुसरीकडे तयार झालेल्या मालावर ते नाव खोटेपणाने लावणं हा कायद्याने गुन्हा आहे. ‘सगळेच लिहितात’ हे उत्तर ग्राहक आयोगासमोर चालणार नाही.

आणखी एक युक्ती सांगतो, फुकटातली. होलसेलवाल्याच्या बिलावर एचएसएन कोड असतो तो वाचा. या पद्धतीला पैठणी, बनारसी, कांजीवरम ही नावं कळतच नाहीत. कापड असेल तर ती आधी विचारते, धागा कसला? रेशमी कापड ५००७ मध्ये येतं. पॉलिएस्टरसारख्या कृत्रिम धाग्याचं ५४०७ मध्ये आणि व्हिस्कोसचं ५४०८ मध्ये. तोंडाने ‘प्युअर सिल्क’ आणि बिलावर ५४०७ असेल, तर बिलावर विश्वास ठेवा. आणि तुमच्या स्वतःच्या बिलावरचा कोड एकदा सीएकडून तपासून घ्या.

आता वर्णन

समजा तुमच्याकडे हातमागाची पैठणी आहे. असं लिहा:

‘सहावारी, ब्लाउजपीससह ६.३ मीटर. उभा व आडवा दोन्ही धागे शुद्ध रेशमाचे, सिल्क मार्क लेबल सोबत. टेस्टेड जर. येवल्यात हातमागावर विणलेली. कडियल नारळी काठ. पदर तिल्लीवर हाताने विणलेला, त्यावर बांगडी मोर. रंग जांभळा, उन्हात लालसर छटा दिसते. पदराच्या मागे गाठींची बारीक टोकं आहेत, ती हातविणीची खूण आहे, दोष नाही. फक्त ड्रायक्लीन.’

गाठींचं वाक्य मुद्दाम घातलंय. माहिती नसलेल्या गिऱ्हाइकाला ती टोकं म्हणजे खराब माल वाटतो आणि साडी परत येते. तुम्ही आधीच सांगितलंत, की तीच टोकं किमतीचं कारण बनतात.

आणि सेमी पैठणी असेल तर?

‘सेमी पैठणी, सहावारी, ब्लाउजपीससह. यंत्रमागावर विणलेली. धागा आर्ट सिल्क, म्हणजे कृत्रिम. प्लास्टिक जर. पदरावरचा मोर जॅकार्डचा, मागचे धागे कापलेले आहेत. वजनाला हलकी, हळदीकुंकू, डोहाळजेवण, ऑफिसचा ट्रॅडिशनल डे यासाठी छान.’

अनेकांना भीती वाटते की इतकं खरं लिहिलं तर घेणार कोण? अहो, दोन हजारांत हातमागाची पैठणी येत नाही, हे गिऱ्हाइकालाही माहीत असतं. तिला पैठणीचं रूप हवंय, बजेट तेवढं आहे. हिशोब मांडा. साडी १,८०० ला घेतली, २,४०० ला विकली, नफा ६००. ‘प्युअर’ लिहिलं म्हणून ती परत आली, जाण्यायेण्याचं कुरिअर १५० अधिक १५०. म्हणजे पुढच्या साडीचा अर्धा नफा गेला. शिवाय घडी मोडलेली साडी आता नवी म्हणून विकता येत नाही. आणि त्या बाईने तिच्या भिशीत काय सांगितलं, ते हिशोबात धरलेलंच नाही.

दुसरी बाजूही आहे, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. सेमीला ‘ओरिजिनल हातमाग’ म्हटलं की मागावर महिनोन्‌महिने बसणाऱ्या विणकराची साडी ‘महाग’ ठरते. ‘तीच साडी तिकडे दोन हजारांत मिळते’ हे वाक्य येवल्याच्या आणि पैठणच्या विणकराला ऐकावं लागतं, ते आपल्या वर्णनांमुळे. उद्या तुम्हाला स्वतःलाच पंधरा हजारांची खरी पैठणी विकायची असेल, तेव्हा तेच वाक्य तुम्हालाही ऐकावं लागेल.

साडी विकत नसाल तर

रकाने बदला, पद्धत तीच. कोल्हापुरी चप्पल घ्या: चामडं की रेक्झिन, तळ कशाचा, शिलाई चामड्याच्या वादीची की मशीनची, की नुसता चिकटवलेला, आणि बनली कुठे. कोल्हापुरीलाही जीआय आहे, २०१९ पासून, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीने तशाच चपला दाखवल्या आणि वर्णन केलं ते नुसतं चामडी सँडल म्हणून. धागा-चामड्याच्या हिशोबाने त्यात खोटं काही नव्हतं! पण ‘कुठली आणि कोणाच्या हातची’ हा रकाना रिकामा होता. टीका इतकी झाली की ही प्रेरणा भारतीय हस्तकलेची आहे, हे कंपनीला मान्य करावं लागलं. म्हणजे नसलेली गोष्ट लिहिणं जसं चूक, तसा असलेला रकाना गाळणंही चूक. घरचे मसाले, मातीची भांडी, लाकडी खेळणी विकणाऱ्यांनी यावर जरा विचार करा. ‘हँडमेड’ लिहिताना नेमकं कोणतं काम हातानं झालं, ते लिहिता का तुम्ही?

या आठवड्यात एवढंच करा. घरातल्या मालातले पाच नग काढा. वहीत आडवे सहा रकाने आखा: धागा, जर, माग, रीत, आकार, नक्षी. नग उलटा करून, बिल शेजारी ठेवून भरा. जिथे पेन अडेल तिथे प्रश्नचिन्ह टाका, आणि होलसेलवाल्याला पुढचा फोन कराल तेव्हा ती वही समोर घेऊन बसा.