भेट

मराठीतला 'भेट' हा शब्द तुम्ही नेहमी ऐकता. त्याचे दोन अर्थ आहेत. 'काल माझी आणि सलीमची भेट झाली' या वाक्यात भेट म्हणजे मुलाकात. 'सलीमने मला पुस्तक भेट दिले' या वाक्यात भेट म्हणजे तोहफा. उर्दूत यासाठी दोन शब्द आहेत, मराठीत एकच आहे. परदेशी जाणाऱ्या प्रवाशाने हे दोन्ही अर्थ एकत्र लक्षात ठेवावेत.

समजा, तुम्ही उझबेकिस्तानला गेला आहात. ताश्कंद ही त्या देशाची राजधानी. १० जानेवारी १९६६ रोजी याच शहरात भारत व पाकिस्तान यांच्यात करार झाला. त्याच रात्री आपले पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांचे तेथे निधन झाले. तेथील भाषा तुम्हांला येत नाही, म्हणून घाबरू नका. उझबेक लोक मित्राला 'दोस्त', बाजाराला 'बोझोर', पुस्तकाला 'कितोब' आणि पाहुण्याला 'मेहमोन' म्हणतात. हे शब्द तुमच्या ओळखीचेच आहेत ना? उजवा हात छातीवर ठेवून सलाम करा. आभार मानायचे असतील, तर 'रहमत' म्हणा. तुम्ही भारतातून आलात हे कळताच एखादे आजोबा राज कपूर यांच्या 'आवारा' चित्रपटाची आठवणही काढतील.

कोणी घरी बोलावले, तर दाराशी बूट काढा. आत दस्तरखान मांडलेले असेल. त्यावर तंदूरमध्ये भाजलेली गोल रोटी असते. तिला तेथे 'नॉन' म्हणतात. ती हाताने तोडून सर्वांना वाटतात; पालथी कधीच ठेवत नाहीत. यजमान तुमच्या पियाल्यात थोडासाच चहा ओतील. हा कंजूषपणा समजू नका. पियाला लवकर रिकामा व्हावा, तो पुन्हा पुन्हा भरता यावा आणि पाहुण्याने अधिक वेळ बसावे, असा त्यामागे हेतू असतो.

अशा घरी रिकाम्या हाताने जाऊ नये. पण काय न्यावे? फार महाग वस्तू नेऊ नका. तिची परतफेड कशी करावी, या विचाराने यजमानांना संकोच वाटतो. आपल्या मातीची ओळख देणारी लहानशी वस्तू न्या. वारली चित्राचे कार्ड किंवा सावंतवाडीचे लाकडी खेळणे पुरेसे आहे. ती वस्तू कोणी आणि कशी बनवली, हेही सांगा. मग गप्पांना विषय मिळतो. फळे, बिया, रोपे मात्र नेऊ नका; अनेक देशांत त्यांवर बंदी असते.

प्रत्येक देशाची रीत निराळी असते. जपानमध्ये भेटवस्तू दोन्ही हातांनी देतात. तेथे चार वस्तूंचा संच देणे टाळतात, कारण 'चार' आणि 'मृत्यू' या शब्दांचा उच्चार सारखा आहे. म्हणून जाण्यापूर्वी त्या देशाची रीत जाणून घ्या.

आणखी एक गोष्ट. काही प्रवासी प्रेक्षणीय स्थळी दिसेल त्या मुलाला गोळ्या, पेन किंवा पैसे वाटतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण परिणाम वाईट होतो. मुलांना हात पसरण्याची सवय लागते. काही मुले त्यासाठी शाळाही बुडवतात. पाहुण्याशी बरोबरीने बोलणारे मूल त्याच्यापुढे याचक होते. त्या मुलांना काही द्यावेसे वाटले, तर वह्या-पुस्तके तेथील शिक्षकांच्या हाती द्या. मुलांना मात्र त्यांचे नाव विचारा, त्यांच्याबरोबर खेळा.

कोणाचे छायाचित्र घ्यायचे असेल, तर आधी परवानगी घ्या. 'छायाचित्र पाठवतो' असे म्हटले, तर घरी परतल्यावर आठवणीने पाठवा. त्या घरातली माणसे त्याची वाट पाहत असतात. तुमचा शब्द पाळला जातो की नाही, यावरून ती आपल्या देशाची पारख करतात.

शब्दार्थ : यजमान - मेजबान, परतफेड - घेतलेले परत करणे, संकोच - अवघडलेपण, याचक - मागणारा, पारख - परीक्षा.

प्रश्न :
१. पियाल्यात थोडाच चहा का ओततात?
२. महाग भेटवस्तू का देऊ नये?
३. 'भेट' हा शब्द दोन्ही अर्थांनी वापरून दोन वाक्ये लिहा.