दोन कारकून, एक क्रमांक

समजा, तुमच्या शाळेच्या कचेरीत कारकून दोन आहेत आणि जनरल रजिस्टर मात्र एकच. पहिला कारकून रजिस्टरात शेवटचा क्रमांक ११७ पाहतो आणि नव्या विद्यार्थ्याच्या अर्जावर ११८ लिहू लागतो. रजिस्टरात नोंद व्हायची आहे, तोच दुसरा कारकून येऊन रजिस्टर पाहतो. त्यालाही ११७ दिसतात. तोही आपल्या अर्जावर ११८ लिहितो. दोघांनी नियमाप्रमाणेच काम केले, तरी दोन विद्यार्थ्यांना एकच क्रमांक मिळाला!

संगणकात असेच घडू शकते. एका प्रोग्रॅममध्ये अनेक कामांचे ओघ एकाच वेळी चालतात. अशा प्रत्येक ओघाला थ्रेड, म्हणजे धागा, म्हणतात. सारे धागे एकच स्मृती वापरतात. ‘एक मिळवा’ ही आपल्याला एकच क्रिया वाटते. पण संख्या वाचणे, तीत एक मिळवणे आणि उत्तर परत स्मृतीत लिहिणे अशा तिच्या तीन पायऱ्या आहेत. या पायऱ्यांच्या मध्येच दुसरा धागा घुसला की ११८ दोघांना मिळतात.

शाळेतला घोळ केव्हातरी ध्यानात येईल. गुप्तलेखनात मात्र तो महागात पडतो. आज प्रचारात असलेल्या एका पद्धतीत गुप्त किल्ली आणि एक चालू क्रमांक यांपासून अंकांची माळ तयार करतात व ती संदेशाच्या अंकांत मिसळतात. क्रमांक उघड झाला तरी चालतो. पण त्याच किल्लीबरोबर तो पुन्हा वापरता कामा नये.

का, ते पाहू. संगणक द्विमान अंक वापरतो, आपण आपले नेहमीचे अंक घेऊ. संदेश ५२९, माळ ८६४. हातचा न धरता बेरीज केली तर ३८३ येतात. दुसरा संदेश ५७१. त्यालाही चुकून तीच माळ लागली, तर येतात ३३५. आता एखाद्या चोरट्याने ३८३ मधून ३३५ अंकाअंकाने वजा केले (वजा होत नसेल तेथे दहा मिळवून), तर उत्तर ०५८. मूळ संदेशांची, म्हणजे ५२९ आणि ५७१ यांची, अशीच वजाबाकी करून पाहा. उत्तर तेच! माळ वजाबाकीत उडून गेली. शून्यावरून कळते की दोन्ही संदेशांचा पहिला अंक सारखा आहे. आणि एका संदेशाचा अंदाज बांधता आला, तर दुसरा आपोआप उलगडतो. किल्ली शोधण्याची गरजच उरत नाही.

यात वाईट गोष्ट अशी, की कोणालाच काही बिघडल्याचे दिसत नाही. ज्यांना संदेश पाठवले त्यांना ते नीट वाचता येतात. धागे एकमेकांना कोणत्या क्षणी आडवे येतील तेही दर वेळी निराळे; त्यामुळे हजार चाचण्या निर्विघ्न पार पडूनही दोष शिल्लक राहू शकतो.

उपाय म्हणजे कुलूप. एक धागा तिन्ही पायऱ्या पुऱ्या करीपर्यंत दुसऱ्याने दाराबाहेर थांबायचे. पण हे कुलूप लावायचे कोणी? ओपनएसएसएल हा गुप्तलेखनाचा तयार प्रोग्रॅम-संग्रह जगभर वापरला जातो. पूर्वी त्याला कुलपाची सोय वापरणाऱ्याने पुरवावी लागे. ती पुरवली नाही, तर संग्रह तक्रार न करता कुलपाविनाच चाले! २०१६ साली आलेल्या १.१.० या आवृत्तीपासून तो आतली कुलपे स्वतः लावतो. तरीही एकाच संदेशाचे अर्धवट काम दोन धाग्यांनी एकदम हाताळणे आजही वर्ज्यच आहे.

कुलपाने रांग लागते आणि वेग मंदावतो. म्हणून कधी कधी वाटणीच करतात : एका धाग्याने सम क्रमांक घ्यावेत, दुसऱ्याने विषम. मग भांडणच नको.

हा घोळ वर्गात करून पाहता येतो. फळ्यावर ० लिहा. दोन मुलांनी पुढे यावे, संख्या वाचावी, जागेवर जाऊन वहीत तीत एक मिळवावा आणि परत येऊन फळ्यावरची संख्या पुसून आपले उत्तर लिहावे. दोघांनी एकमेकांसाठी थांबायचे नाही. प्रत्येकाच्या वीस फेऱ्या झाल्या की फळ्यावर ४० यायला हवेत. किती आले ते टिपून ठेवा, आणि प्रयोग पुन्हा केल्यावर तीच संख्या येते का तेही पाहा.