शितावरून भाताची परीक्षा कितपत खरी?
(तुरीच्या पोत्यांची नमुना-तपासणी)

सोलापूरच्या नवी पेठेत चादर घेणारे गिऱ्हाईक ती पुरती उलगडून, उजेडात धरून पाहते. एका नगाची अशी परीक्षा सहज होते. परंतु शेतकऱ्यांच्या गटाने विक्रीसाठी एकत्र केलेली तुरीची १०० पोती एकेक रिकामे करून तपासणे फार खर्चाचे व वेळेचे काम आहे. म्हणून थोडी पोती पाहून सर्व मालाचा निर्णय करावा लागतो. ‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण येथे आठवते. पण ती जपून वापरावयास हवी. एका पातेल्यातील भात एकाच आचेवर शिजलेला असतो. १०० पोती मात्र निरनिराळ्या शेतांतून व खळ्यांवरून आलेली असतात.

पोती कशी निवडावी?

दारालगतची, हाताला येतील ती पोती पाहणे ही तपासणी नव्हे. सर्व पोत्यांवर १ ते १०० क्रमांक घालावे, तितक्याच चिठ्ठ्या करून चांगल्या मिसळाव्या व त्यांतील २० उचलाव्या. निघालेले पोते थप्पीच्या तळाशी असले तरी तेच काढावे. दर पाचवे पोते घेण्याची रीत सोपी खरी. पण थप्पी पाच पोती उंच असून क्रमांक खालून वर घातलेले असले, तर दर वेळी एकाच थरातील पोते हाती येईल. निवडलेल्या प्रत्येक पोत्यात नळी खुपसून वर, मध्ये व तळाशी अशा तीन ठिकाणचा दाणा घ्यावा. प्रत्येक पोत्याचा नमुना वेगळा ठेवावा. सर्व नमुने एकत्र मिसळल्यास वाईट पोते चांगल्यांत लपून जाते.

नियम आधी ठरवावा

सदोष पोते कोणते, हे प्रथम लिहून ठेवावे. उदाहरणार्थ, ज्यातील ओलावा १२ टक्क्यांहून अधिक आहे ते. त्यानंतर किती सदोष पोती निघाल्यास माल नाकारावयाचा, हे ठरवावे. येथेच शेतकरी व खरेदीदार या दोघांचे हित गुंतलेले आहे.

समजा, एका चांगल्या मालात १०० पैकी २ पोती सदोष आहेत व दुसऱ्या, वाईट मालात १० आहेत. २० पोत्यांत एकही सदोष निघाले तर माल नाकारावयाचा, असा कडक नियम केला, तर चांगला माल १०० पैकी सुमारे ३६ वेळा नाकारला जाईल. वाईट माल सुमारे १० वेळा सुटून जाईल. एका सदोष पोत्याची सूट दिली, तर चांगला माल केवळ ४ वेळा नाकारला जाईल. पण वाईट माल ३६ वेळा स्वीकारला जाईल. पहिल्या नियमात शेतकऱ्याचे नुकसान, दुसऱ्यात खरेदीदाराचे.

यावर एक मध्यम मार्ग आहे. २० पोत्यांत एकही सदोष नसल्यास माल घ्यावा. दोन किंवा अधिक निघाल्यास नाकारावा. नेमके एक निघाल्यास उरलेल्या ८० मधून चिठ्ठ्यांनीच आणखी २० पोती काढावी व त्यांत एकही सदोष नसेल तरच माल घ्यावा. या रीतीने चांगला माल सुमारे १२ वेळा नाकारला जातो व वाईट माल सुमारे ११ वेळा सुटतो. धोका दोघांना जवळजवळ सारखा वाटला जातो. वाढीव श्रम पडतात ते केवळ शंका आली तेव्हाच.

हे शास्त्र कोठून आले?

कारखान्यांतील मालासाठी अशा नियमांची कोष्टके अमेरिकेतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेत हॅरल्ड डॉज व हॅरी रोमिग यांनी तयार केली. शेतीच्या क्षेत्रात नमुना-पद्धतीचा पाया घालणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ साली जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे हे अग्रगण्य होत. पीककापणीसाठी शेते व त्यांतील तुकडे यदृच्छेने निवडून उत्पन्नाचा अंदाज करण्याच्या पद्धतीस त्यांनी शास्त्रीय आधार दिला.

ध्यानात ठेवावे

ग्रामसेवक व कृषी सहायक यांनी नियम दोन्ही पक्षांसमक्ष, पहिले पोते उघडण्यापूर्वी लिहून घ्यावा व नंतर तो बदलू नये. नाकारलेला माल वाया गेला असे समजू नये. सर्व पोती तपासून सदोष तूर वाळवावी व माल पुन्हा तपासणीस ठेवावा. आणि शेतकरी बंधूंनी लक्षात घ्यावे की, आपले एक ओले पोते शेजाऱ्याची नऊ कोरडी पोती परत पाठवू शकते. म्हणून खरी तपासणी खळ्यावरच, पोते शिवण्यापूर्वी व्हावयास हवी.