चुकलेले माप आणि त्रैराशिक

कृष्णधवल फिल्म घरी धुण्याचा छंद आजही काही जण जपून आहेत. त्यांच्या अंधारखोलीत एक जुने सूत्र हमखास आढळते. त्याचे नाव डी-७६. अमेरिकेतील कोडॅक कंपनीने ते १९२० च्या दशकात सिनेमाच्या फिल्मसाठी बसवले. कृती अशी: ७५० मिलिलिटर कोमट पाण्यात मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स, म्हणजे आपला टाकणखार, २ ग्रॅम याच क्रमाने विरघळवावे. मग थंड पाणी घालून एकूण द्रावण १ लिटर करावे.

प्रकाश लागलेल्या सिल्व्हर ब्रोमाइडच्या कणांचे क्षपण होऊन काळी चांदी उरते. हे काम मेटॉल व हायड्रोक्विनोन करतात. टाकणखार द्रावण अल्कधर्मी राखतो, तर सल्फाइट हवेतील ऑक्सिजनपासून त्याचे रक्षण करते. एकदा या द्रावणात बुडालेली फिल्म पुन्हा कोरी होत नाही. सहलीचे ३६ फोटो असतील, तर ते ३६ही गेले! म्हणून चूक सुधारायची ती फिल्म बुडवण्यापूर्वी.

समजा, बोलण्याच्या नादात मेटॉल २ ऐवजी ३ ग्रॅम पडले आणि विरघळूनही गेले. आता ते चिमट्याने काढणार कसे? काढायचे नाहीच. फिल्मचा संबंध मेटॉल एकूण किती ग्रॅम आहे याच्याशी नसतो, तर दर लिटरला किती आहे याच्याशी असतो. मेटॉल दीडपट झाले ना? मग सारेच दीडपट करा. सल्फाइट १५० ग्रॅम, हायड्रोक्विनोन साडेसात, टाकणखार ३ आणि शेवटी द्रावण दीड लिटर. शाळेतले त्रैराशिक ते हेच. एखादा पदार्थ कमी पडला असेल, तर उरलेला टाकला की झाले.

पाणी जास्त झाले तर? १ लिटरऐवजी १२०० मिलिलिटर भरले, तर हिशेबाने प्रत्येक पदार्थाचा पाचवा हिस्सा आणखी टाकायला हवा. म्हणजे मेटॉल ०.४ ग्रॅम. पण साध्या तराजूवर ०.४ ग्रॅम विश्वासाने तोलता येत नाही. शिवाय सल्फाइट भरपूर असलेल्या द्रावणात मेटॉल नीट विरघळत नाही. कृतीत ते आधी टाकतात ते याचसाठी. त्यापेक्षा द्रावण सरळ दीड लिटर करायचे ठरवा. वेगळ्या भांड्यात थोड्या कोमट पाण्यात अर्धी कृती नेहमीच्या क्रमाने विरघळवा: मेटॉल १, सल्फाइट ५०, हायड्रोक्विनोन अडीच, टाकणखार १ ग्रॅम. त्यात पाणी घालून ते ३०० मिलिलिटर करा आणि मोठ्या द्रावणात ओता.

सर्वांत फसवी चूक मात्र तराजू बरोबर असताना होते. सोडियम सल्फाइट दोन रूपांत मिळते, निर्जल भुकटी आणि स्फटिक. स्फटिकाच्या प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे ७ रेणू असतात. सल्फाइटचा रेणुभार १२६ आणि ७ पाण्यांचा ७ गुणिले १८, म्हणजे तोही १२६! निम्मे वजन नुसत्या पाण्याचे. १०० ग्रॅम स्फटिक टाकलेत, तर सल्फाइट ५० ग्रॅमच गेले. पाणी अजून ७५० मिलिलिटरच असेल, तर आणखी १०० ग्रॅम स्फटिक टाका आणि मग १ लिटर पुरे करा. धुण्याच्या सोड्याची गोष्ट याहून बिकट आहे. त्याच्या स्फटिकात पाण्याचे १० रेणू असतात, त्यामुळे १०६ ग्रॅम निर्जल सोड्याऐवजी २८६ ग्रॅम स्फटिक घ्यावे लागतात. बाटलीवरची चिठ्ठी वाचल्याशिवाय तराजूला हात लावू नये तो यासाठी.

किती चुकले हेच आठवत नसेल, तर त्रैराशिक मांडणार कशावरून? ते द्रावण बाजूला ठेवा आणि नवे करा. (मेटॉलने काहींच्या कातडीला खाज सुटते. हातमोजे घाला आणि जवळ मोठे माणूस असू द्या.)

सुधारलेल्या द्रावणात प्रथम फिल्मच्या टोकाचा उजेड लागलेला तुकडा बुडवून पाहा. हे उजेडातच करता येते. काही मिनिटांत तो काळा पडला, तर डेव्हलपर काम करतो आहे एवढे कळेल. त्यात मेटॉल २ ग्रॅम आहे की ३, हे मात्र तो तुकडा सांगणार नाही.