मातीचा दोष आणि रोगाचे नाव

मराठी शेतकऱ्याची मातीविषयक शब्दसंपदा मोठी आहे. काळी, तांबडी, मुरमाड, खारवट, चोपण ही सारी नावे डोळ्याने, हाताने वा जिभेने केलेल्या परीक्षेतून आलेली. जड धातूंनी दूषित झालेल्या जमिनीला मात्र असे नाव नाही. कारण हा दोष इंद्रियगोचर नाही. 'जड धातू' ही पारिभाषिक संज्ञाही केवळ घनता सांगते.

अशा दोषाला नाव कोठून मिळते, याचे जपानमधील उदाहरण विदारक आहे. तोयामा प्रांतातून वाहणाऱ्या जिन्झू नदीत कामिओका येथील जस्ताच्या खाणीतून कॅडमियम उतरत असे. तेच पाणी भातखाचरांत शिरे. कॅडमियम मातीत साचे आणि मुळांवाटे दाण्यात चढे. वर्षानुवर्षे तो भात खाणाऱ्यांची मूत्रपिंडे बिघडत, हाडे मऊ पडत आणि किरकोळ हालचालीनेही मोडत. रोगी बहुतांशी उतारवयाकडे झुकलेल्या, अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रिया. त्यांचे कण्हणे हेच रोगाचे नाव झाले : 'इताई-इताई', म्हणजे 'दुखते, दुखते'. १९६८ साली जपान सरकारने हा रोग प्रदूषणजन्य असल्याचे मान्य केले, तेही याच नावाने. वैद्यकाची परिभाषा येथे मागे पडली, हे उचितच म्हणावे लागेल.

खाणीतील उत्खनन २००१ मध्ये थांबले. खाचरांवर निर्दोष मातीचा थर चढविण्याचे काम २०१२ पर्यंत चालू होते.