पंगस माशाची निर्यात : नामपत्रामागील नोंदवही

गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धनाकडे आपल्या राज्यातील शेतकऱ्यांचे लक्ष अलीकडे बरेच वळले आहे. शेततळ्यांतून, तसेच जलाशयांत बांधलेल्या पिंजऱ्यांतून मासे वाढविणारे शेतकरी आता ठिकठिकाणी आढळतात, व त्यांपैकी अनेकांच्या पिंजऱ्यांत पंगस हा मासा असतो. हा मासा मूळचा आपल्या नद्यांतील नव्हे. तो आग्नेय आशियातील मेकाँग व चाओ फ्राया या नद्यांचा होय. व्हिएतनामच्या शेतकऱ्यांनी तो जगाच्या बाजारपेठेत नेला. साहजिकच, “त्यांचा मासा परदेशी जातो, मग आमचा का जाऊ नये?” असा प्रश्न शेतकऱ्यांच्या मनात उभा राहतो. या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी, हा मासा प्रथम ज्यांनी पाठविला त्यांना कोणत्या अडचणींतून जावे लागले, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी नीट समजून घेणे इष्ट आहे.

नावावरून झालेला तंटा

मेकाँग नदी व्हिएतनामच्या दक्षिण भागात अनेक फाट्यांनी समुद्रास मिळते. तेथील आन झांग, डाँग थाप व कान थो या भागांत दोन जातींचे मासे पूर्वापार पाळले जातात. एकास ‘त्रा’ म्हणतात. त्याचे शास्त्रीय नाव पँगॅसिअनोडॉन हायपोफ्थॅल्मस. आपल्याकडील पंगस तो हाच. दुसरा ‘बासा’, म्हणजे पँगॅसिअस बोकोर्ती. (आपल्या शहरांतील उपाहारगृहांत ‘बासा’ म्हणून जे काप वाढले जातात, ते बहुधा त्रा माशाचेच असतात, हे येथे सांगून ठेवावयास हरकत नाही.) त्रा मासा पाण्यावर येऊन हवाही घेऊ शकतो. त्यामुळे खोल तळ्यांत तो अतिशय दाट वाढविता येतो, आणि मेकाँगच्या तळ्यांतून हेक्टरी ३०० टनांच्या आसपास उत्पन्न निघते. पूर्वी तेथील शेतकरी नदीत जाळी लावून त्याची पिले पकडीत. त्या जाळ्यांत इतर जातींची असंख्य पिले नाहक मरत. १९९० नंतरच्या दशकात, आपण रोहू-कटल्यात करतो त्याप्रमाणे, प्रेरित प्रजननाने बीज तयार करण्याची पद्धत तेथे रुळली, आणि २०००च्या सुमारास नदीतील पिले पकडण्यास बंदी करण्यात आली.

या माशाचे गोठविलेले, काटे काढलेले काप अमेरिकेत ‘कॅटफिश’ या नावाने खपू लागले. अमेरिकेच्या मिसिसिपी, अलाबामा व आर्कान्सॉ या राज्यांत वेगळ्या कुळातील कॅटफिश तळ्यांतून वाढविला जातो. स्वस्त परदेशी माशामुळे तेथील शेतकऱ्यांचे भाव पडले व त्यांनी आपल्या सरकारकडे धाव घेतली. २००२ साली अमेरिकेत कायदा झाला की, इक्टॅल्युरिडी या कुळातील माशासच ‘कॅटफिश’ म्हणता येईल. २००३ मध्ये व्हिएतनामच्या मालावर जबर जादा आयातशुल्कही बसले. मासा तोच, चवही तीच. परंतु ज्या नावावर तो खपत होता ते नाव गेले. व्यापाऱ्यांस ‘बासा’, ‘त्रा’, ‘स्वाई’ अशी नवी नावे गिऱ्हाइकांच्या तोंडी नव्याने रुळवावी लागली.

याच कथेचा पुढील भाग काहीसा विनोदी आहे. २०१६ पासून अमेरिकेच्या कृषिखात्याने कॅटफिशची तपासणी आपल्याकडे घेतली, तेव्हा त्या तपासणीत मिशा असलेल्या माशांचा संपूर्ण गणच धरण्यात आला. म्हणजे नामपत्रासाठी जो मासा कॅटफिश नव्हता, तो तपासणीपुरता कॅटफिश ठरला! या व्यवस्थेत निर्यात करणाऱ्या देशाची तपासणीयंत्रणा अमेरिकेच्या तोडीची आहे, असे प्रथम मान्य व्हावे लागते. व्हिएतनाम, चीन व थायलंड यांस ही मान्यता २०१९ मध्ये मिळाली. तात्पर्य, काही बाजारांची दारे एकट्या शेतकऱ्याने कितीही उत्तम मासा पिकविला तरी त्याच्या हातून उघडत नाहीत. “आमच्याकडे माल द्या, अमेरिकेत पाठवितो” असे सांगून आगाऊ पैसे मागणारा कोणी गावात आला, तर त्याच्याजवळ कोणती मान्यता आहे हे प्रथम विचारावे.

तीन निरनिराळे कागद

प्रमाणपत्र, नामपत्र आणि मानचिन्ह या तिहींत शेतकऱ्यांचाच नव्हे, तर कार्यकर्त्यांचाही पुष्कळदा घोटाळा होतो. आरोग्य-प्रमाणपत्र सरकारी असते व ते अनिवार्य असते. आपल्या देशात १९६३च्या कायद्यानुसार स्थापन झालेली निर्यात निरीक्षण परिषद व तिच्या शाखा हे काम पाहतात, आणि माल ज्या कारखान्यात साफ करून गोठविला जातो तो कारखानाही त्यांनी मान्य केलेला असावा लागतो.

नामपत्रावरील मजकूर मात्र विकत घेणाऱ्या देशाच्या कायद्याने ठरतो. युरोपीय संघात डिसेंबर २०१४ पासून माशाचे व्यापारी नाव व शास्त्रीय नाव, तो समुद्रात पकडला, गोड्या पाण्यात पकडला की संवर्धित आहे, संवर्धित असल्यास कोणत्या देशात वाढला, आणि एकदा गोठवून पुन्हा विरघळविला आहे काय, हे सर्व ग्राहकास सांगावे लागते. निव्वळ वजनात बर्फाचा थर धरता येत नाही. हा नियम अकारण नाही. गोठविलेल्या कापांवर पाण्याचा पातळ मुलामा देतात, त्यामुळे मांस कोरडे पडत नाही. परंतु पाणी मांसाच्या भावाने विकण्याचा मोह कोणास होत नाही? व्हिएतनाम सरकारने २०१४ मध्ये या मुलाम्यास १० टक्क्यांची मर्यादा घातली, तेव्हा निर्यातदारांनीच ओरड केली, व २०१७च्या नव्या हुकुमात नियम सैल करावे लागले. आपल्या दूधवाल्यांची आठवण व्हावी असा हा प्रकार आहे.

तिसरा कागद ऐच्छिक आहे. मासा पर्यावरणास व मजुरांस अपाय न करता वाढविला आहे, अशी ग्वाही देणारे हे खाजगी मानचिन्ह होय. २०१० साली एका जागतिक निसर्गसंरक्षण संस्थेच्या युरोपातील शाखांनी व्हिएतनामचा पंगस ‘खरेदी करू नये’ अशा लाल यादीत घातला. व्हिएतनाममध्ये मोठा क्षोभ झाला. अखेर त्याच वर्षाच्या डिसेंबरात समझोता झाला आणि पंगस उत्पादकांनी प्रमाणित संवर्धनाची वाट धरली. २०१२ मध्ये मत्स्यसंवर्धन व्यवस्थापन परिषदेचे चिन्ह पहिल्या पंगस उत्पादकास मिळाले. या चिन्हासाठी बीज नदीतील नसावे, बीजकेंद्रातीलच असावे. रोग येऊ नये म्हणून आगाऊ प्रतिजैविके देऊ नयेत. तळ्यातून सुटणाऱ्या पाण्याची तपासणी व्हावी. आणि तळ्यापासून दुकानापर्यंत माल ज्या ज्या हातांतून जातो त्या प्रत्येकाची नोंद असावी, अशा अटी आहेत.

अटी योग्यच आहेत. पण खर्च कोणी सोसावयाचा? परीक्षक बोलावणे, पाण्याचे नमुने तपासणे, कागद ठेवण्यास माणूस नेमणे, हे सर्व मोठ्या कारखान्यांस व त्यांच्या स्वतःच्या तळ्यांस परवडले. मेकाँगच्या खोऱ्यातील अनेक लहान शेतकरी मात्र एक तर कारखान्यासाठी ठरावीक मोबदल्यावर मासे वाढवू लागले किंवा या धंद्यातून बाहेर पडले. याला केवळ प्रमाणपत्र कारण नव्हते. खाद्याची महागाई व भावातील चढउतार ही त्याहून मोठी कारणे होती. तथापि एका लहान तळ्यासाठी एकट्याने मानचिन्ह घेणे हा तोट्याचा व्यवहार आहे, असे या लेखकाचे स्पष्ट मत आहे. घ्यावयाचेच तर सहकारी संस्थेने किंवा गटाने, आणि खरेदीदाराकडून लेखी मागणी आल्यावरच घ्यावे. चिन्ह लाविले की भाव वाढतोच, अशी खात्री कोणी देऊ शकत नाही.

एका गोळीचा हिशेब

कागद कोणताही असो, माल परत येण्याचे एक प्रमुख कारण म्हणजे मांसात सापडणारे औषधांचे अवशेष. क्लोरँफेनिकॉल, नायट्रोफ्युरान व मॅलकाइट ग्रीन यांवर परदेशांत बंदी आहेच. खाण्याच्या माशांसाठी ती आपल्या देशातही वापरता येत नाहीत. तरीही माशांच्या अंगावर जखमा दिसल्या की औषधाच्या दुकानातून माणसांच्या गोळ्या आणून खाद्यात कालविणारे लोक आढळतात. बुरशीवर हिरवा रंग सोडणारेही आढळतात.

युरोपीय संघात नोव्हेंबर २०२२ पासून क्लोरँफेनिकॉलसाठी कारवाईची मर्यादा किलोस ०.१५ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे एक टन मांसात ०.१५ मिलिग्रॅम. या औषधाची एक नेहमीची गोळी २५० मिलिग्रॅमची असते. ती समप्रमाणात मिसळली गेली असे कल्पिले, तर ती एकच गोळी १,६०० टनांहून अधिक मासा या मर्यादेस नेऊन पोहोचवील! नायट्रोफ्युरानचे अंश मांसात घट्ट बसतात, आणि मॅलकाइट ग्रीनचा रंग गेला तरी त्याचे रंगहीन रूप माशाच्या चरबीत दीर्घकाळ राहते. “गेल्या महिन्यातच दिले होते, आता उतरले असेल” हा भरवसा म्हणूनच धोक्याचा आहे. शिवाय दोष एका तळ्याचा असला तरी कारखान्यात दहा तळ्यांचा मासा एकत्र होतो, आणि परत येतो तो सर्वांचाच माल.

आपल्या तळ्यावर काय करावे

आपल्या देशाच्या मत्स्यनिर्यातीत गोठविलेल्या कोळंबीचा वाटा सर्वांत मोठा आहे, व तपासणीची व्यवस्थाही प्रामुख्याने तिच्याभोवती उभी राहिली आहे. समुद्री उत्पादन निर्यात विकास प्राधिकरण तळ्यांची नोंदणी करते व काढणीपूर्वी नमुने तपासून देते. २०२१ मध्ये ‘शफरी’ नावाची प्रमाणन योजनाही कोळंबीसाठीच पुढे आली. पंगसाची गोष्ट वेगळी आहे. परदेशी खरेदीदारास पांढरेशुभ्र काप हवे असतात, आणि साचलेल्या, शेवाळलेल्या पाण्यात वाढलेल्या पंगसाच्या मांसावर पिवळसर छटा येते. खाद्यात पिवळ्या मक्याचे प्रमाण अधिक असल्यासही ती येते. मेकाँगचे शेतकरी नदीचे पाणी वरचेवर बदलून हा दोष टाळतात. ज्या गावी उन्हाळ्यात पिण्यास टँकर येतो तेथे हे कसे साधावे? यास्तव शेततळ्याच्या पंगसासाठी आज जवळचा बाजारच खरा, आणि निर्यातीचा विचार करावयाचा झाला तर तो जलाशयातील पिंजऱ्यांच्या गटांनी करावा.

परंतु नोंदवही मात्र प्रत्येकाने आजच सुरू करावी. शहरातील मोठे खरेदीदारही आता माल कोठून आला हे विचारू लागले आहेत. शंभर पानांची साधी वही पुरे. प्रत्येक तळ्यास किंवा पिंजऱ्यास क्रमांक द्यावा व तो पाटीवर रंगवावा. बोटुकली कोणत्या बीजकेंद्रातून, कोणत्या तारखेस, किती आली ते लिहून पावती तेथेच चिकटवावी. खाद्याच्या पोत्यावरील उत्पादन-क्रमांक उतरून घ्यावा. पोते फेकले की तो गेला. मेलेले मासे रोज मोजावेत. औषध दिलेच तर ते कोणाच्या सल्ल्याने, कोणते, किती व कोणत्या दिवशी दिले, आणि शेवटचा दिवस कोणता, हे लिहावे. काहीच दिले नसेल तर तसेही लिहावे. कोऱ्या रकान्यावर परीक्षक विश्वास ठेवीत नाही. तळ्याच्या वरच्या अंगास कोंबड्यांचे खुराडे असेल, तर कोंबड्यांस दिलेल्या औषधांचीही नोंद ठेवावी, कारण त्यांची विष्ठा पावसाबरोबर खाली उतरते.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने महिन्यातून एकदा ही वही पाहून तारखेसह सही करावी. लिहिता न येणाऱ्या शेतकऱ्याची वही घरातील शाळकरी मुलाकडून लिहवून घेतली तरी चालेल, मात्र ती रोजच्या रोज लिहिली जावी. काढणीच्या आदल्या रात्री एकाच शाईने भरलेली वही कोणासही ओळखू येते. विक्रीची बोलणी सुरू होताच नमुना केव्हा व कोणाकडे द्यावयाचा ते खरेदीदाराशी ठरवावे. नमुना काढताना दोन्ही पक्ष हजर असावेत, पिशवीवर तळ्याचा क्रमांक व तारीख घालावी, आणि निकालाचा कागद हाती येईपर्यंत त्या तळ्यात जाळे टाकू नये.