सरकारी प्रशिक्षण : कोणाला कोणते उपयोगी?

कापडाच्या धंद्यात आम्ही एक गोष्ट वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. ईद आणि लग्नसराई तोंडावर आली की गिऱ्हाईक कापड फाडून घेते आणि लगेच विचारते, "शिवून कोण देईल?" चिपळुणात ब्लाऊज आणि सलवार-कमीज नीट शिवणारे हात पुरत नाहीत. त्याच मोहल्ल्यात दहावी-बारावी झालेली मुले मात्र आखाताच्या व्हिसाची वाट पाहत बसलेली असतात. प्रशिक्षणाच्या योजना आहेत, पण आपले लोक पुरती चौकशी न करता भलत्याच योजनेत अर्ज टाकतात. तो नामंजूर झाला की "आपल्याला कोण देतो?" म्हणून मोकळे होतात.

केंद्र सरकारने 1979 साली ग्रामीण तरुणांसाठी 'ट्रायसेम' योजना सुरू केली होती. हुनर शिकवला, विद्यावेतन दिले. पण त्या हुनराला गावात गिऱ्हाईक आहे का, हे बऱ्याच ठिकाणी कोणी पाहिलेच नाही. 1999 साली ती दुसऱ्या योजनेत विलीन झाली. कर्नाटकात उजिरे येथे 1982 साली धर्मस्थळच्या संस्थानाने दोन बँकांना सोबत घेऊन वेगळी पद्धत घातली. थोड्या दिवसांचे निवासी शिक्षण द्यायचे आणि नंतर उमेदवाराच्या मागे लागून धंदा उभा करवायचा. याच नमुन्यावर पुढे देशभर जिल्हावार ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था निघाल्या. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात ती बँक ऑफ इंडिया चालवते. शिकणे, राहणे, जेवण सर्व मोफत, आणि नंतर दोन वर्षे पाठपुरावा. ज्याच्या हाती अजून कोणताच हुनर नाही, अशा खेड्यातल्या मुला-मुलींनी आधी तिथे चौकशी करावी.

17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेली पंतप्रधान विश्वकर्मा योजना याहून निराळी आहे. ती नवशिक्यांची नाही, जे आजच हाताने धंदा करतात त्यांची आहे. इथेच पुष्कळांची गल्लत होते. 18 धंद्यांच्या यादीत दर्जी, सुतार, लोहार, गवंडी तर आहेतच, पण होड्या बांधणारे आणि मासेमारीची जाळी विणणारेही आहेत. दाभोळ खाडीकाठच्या बांधवांनी हे ध्यानात ठेवावे. पाच ते सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, रोज 500 रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतचे व्हाउचर मिळते. 22 जुलै 2021 च्या पुरात वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले, तेव्हा किती दर्जींच्या मशिनी गाळात गेल्या! शिलाईची एक मशीन म्हणजे एका घराची चूल असते, म्हणून ही रक्कम आम्ही किरकोळ मानत नाही.

योजनेत 5 टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत कर्जही आहे. व्याजामुळे आपल्यातले अनेकजण त्या वाटेला जात नाहीत, आणि "योजनाच कर्जाची" असे समजून फॉर्मही भरत नाहीत. हा गैरसमज आहे. कर्ज घेणे सक्तीचे नाही. ते न घेताही प्रशिक्षण आणि अवजारांचा लाभ मिळतो. मात्र एका कुटुंबातून एकालाच, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको व अविवाहित मुले.

नोकरीच पाहिजे असेल तर संस्थेला पहिला सवाल करावा, "मागच्या तुकडीतली मुले कुठे लागली?" अल्पसंख्याकांसाठी 2013 साली निघालेल्या 'सीखो और कमाओ' योजनेत तर निदान 75 टक्के उमेदवारांना काम लावून देण्याची अटच होती. जी संस्था नावे आणि ठिकाणे सांगायला टाळाटाळ करते, तिच्या सर्टिफिकेटला लोट्याच्या कारखान्यांत कोण विचारणार?

शिवणकाम शिकणाऱ्यांना एक धंद्याची गोष्ट सांगतो. शर्ट-पँटच्या मागे लागू नका, ते काम रेडिमेडने केव्हाच नेले. ब्लाऊज, फॉल-पिको, पडदे आणि रेडिमेड कपड्यांचे आल्टर, यांना आजही गिऱ्हाईक दारात थांबते.

विश्वकर्माची नोंदणी कॉमन सर्व्हिस सेंटरवर होते. आधार, त्याला जोडलेला मोबाइल, बँक पासबुक आणि रेशन कार्ड सोबत न्यावे. या नोंदणीला अर्जदाराकडून फी नाही. कोणी मागितली तर देऊ नये.